पीआयक्यूत न लिहिलेल्या म्हशी : एका पदवीधराच्या तीन एसएसबींचं प्रकरण

या मुलाचं नाव देत नाही. फौजेत अधिकारी निवडणारी पाच दिवसांची मुलाखत-चाचणी म्हणजे एसएसबी, सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. बंगळूरच्या पहिल्या बोर्डात त्याच्या छातीवर 17 नंबर होता, म्हणून त्याला सतरा म्हणू. त्याला विचारलं तर म्हणाला, “चालतंय की सर. नाव छापलासा तर गावात पारावर वाचतील.”

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं एनसीसी सांभाळली. माझ्या हाताखालून भरतीला गेलेली पोरं लिहायची तर दोनशे पानी वही पुरायची नाही. अधिकारी झालेली मोजायला एका हाताची बोटं लागतात, आणि त्यातलंही एखादं उरतं. हे कोडं मला जुनंच आहे. या जिल्ह्याला फौज नवी नाही. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावातच सैनिक आहे. टेंबलाईवाडीला टेरिटोरियल आर्मीची मराठा बटालियन आहे, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, म्हणजे दोन-अडीच तासांवर. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात निवृत्तीनंतर याच शहरात राहिले. तरी गावात ‘मिलिटरी’ म्हटलं की डोळ्यांपुढे सोळाशे मीटर धावणं आणि छातीचं माप येतं. पदवी घेऊन थेट अधिकारी म्हणून जायचं दार वेगळं आहे, आणि त्या दारात छाती मोजत नाहीत, हे पोरांना कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला कळतं. सतरालाही तेव्हाच कळलं.

घर

गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला, चिखली-आंबेवाडीच्या अंगाला. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. गाव त्यांना मेजर म्हणतं. आपल्याकडे निवृत्त होऊन आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्यामुळे मुलगा लेफ्टनंट व्हायचं म्हणतोय हे ऐकल्यावर शेजारच्या तात्यांनी विचारलं होतं, “म्हंजे बापाच्या खालीच की रं?”

दोन एकर ऊस, तीन म्हशी. पहाटे साडेचारला उठून धार काढायची, कॅन सायकलला अडकवून दूध संस्थेत घालायचं, आंघोळ करून केएमटीच्या बसनं शहरात यायचं, हा सतराचा आठवीपासूनचा दिनक्रम. 2023 ला तो रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला, 61 टक्के. एनसीसीचं सी सर्टिफिकेट होतं, बी ग्रेड. उंची चांगली, पळणं उत्तम, बोलणं कमी. इंग्रजी वाचलेलं कळायचं, बोलताना मात्र वाक्य मध्येच थांबायचं.

त्याच्यापुढे वाटा काय होत्या ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचा अर्धा घोळ त्यातूनच झाला. एक, यूपीएससीची सीडीएस, म्हणजे कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा, वर्षातून दोनदा. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी, एळिमलाची नौदल अकॅडमी किंवा हवाई दलाची अकॅडमी हवी असेल तर इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे शंभर-शंभर गुणांचे तीन पेपर. चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी, म्हणजे ओटीए, चालणार असेल तर गणित नाही, दोनच पेपर. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, त्यामुळे ठोकून द्यायची सवय असलेली पोरं इथं मार खातात. दुसरी, एनसीसी स्पेशल एंट्री. सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि पदवीला 50 टक्के असतील तर लेखी परीक्षाच नाही, अर्जांची छाननी होऊन थेट मुलाखतीचं बोलावणं. तिसरी, हवाई दलाची प्रवेश परीक्षा एएफकॅट. इंजिनिअरांसाठी आणखी टेक्निकलच्या एंट्र्या असतात, त्या याच्या कामाच्या नव्हत्या.

कुठल्याही वाटेनं गेलं तरी मध्ये एकच घाट आहे : एसएसबी. पाच दिवस. सीडीएसमधून ओटीएला जाणाऱ्याला लेखीचे 200 आणि एसएसबीचे 200 गुण. एनसीसी एंट्रीत तर गुणवत्ता यादी एसएसबीच्याच गुणांवर लागते. म्हणजे ज्या गोष्टीची तयारी कोल्हापुरात सगळ्यात कमी होते, तिच्यावर सगळं अवलंबून.

वडिलांचा आक्षेप निराळा होता. ओटीएतून मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन : दहा वर्षं, पुढे चार वाढवून मिळू शकतात. “चौदा वर्सांनी घरला यायचं, आणि पेन्शन न्हाई? मग शिपाई काय वाईट?” त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. स्वतःची पेन्शन दर महिन्याला बँकेत जमा होताना बघणारा माणूस असाच विचार करणार. मी त्यांना सांगितलं की कायम कमिशनसाठी निवड होण्याची संधी मध्ये असते, आणि प्रशिक्षणातच महिना 56,100 रुपये विद्यावेतन मिळतं. आकडा ऐकून ते गप्प झाले. पटलं असं नाही, पण गप्प झाले.

पहिला बोर्ड : पहिल्याच दिवशी परत

सतरानं आधी एनसीसी एंट्रीचा अर्ज भरला. बोलावणं आलं बंगळूरच्या सिलेक्शन सेंटर साउथचं. हातात सहा आठवडे होते, ते त्यानं शहरातल्या एका क्लासला दिले. फी 25 हजार. ही रक्कम आईनं दूध बिलातून साठवलेली. क्लासचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण असे क्लास सगळीकडे आहेत आणि सगळे साधारण तेच शिकवतात : चित्र कसंही असो, त्यावर बसेल अशी गोष्ट. नायकाचं नाव राहुल, वय 24, तो गावात रक्तदान शिबिर भरवतो, सगळे सहकार्य करतात, शेवटी सरपंच त्याचा सत्कार करतात. सतरानं अशा सात गोष्टी पाठ केल्या होत्या.

कावळा नाक्यावरून रात्रीची बस. बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर, सहाशे किलोमीटर. (त्या प्रकारच्या कमिशनसाठी पहिल्यांदा जाणाऱ्याला थ्री टायर एसीचं रेल्वेभाडं किंवा बसभाडं परत मिळतं. यानं तिकीट बसमध्येच टाकलं होतं. क्लासमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं.)

पहिला दिवस चाळणीचा. आधी बुद्धिमापनाचे प्रश्न, मग पीपीडीटी : पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद दिसतं, माणसं किती, वयं काय, मनःस्थिती कशी याची नोंद करायची आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मग बारा-पंधरा जणांच्या गटात प्रत्येकानं आपली गोष्ट मिनिटभरात सांगायची आणि गटानं मिळून एक गोष्ट ठरवायची. सतराला चित्रात पाणी दिसलं होतं, पाण्याच्या कडेला वाकलेली माणसं. त्यानं रक्तदान शिबिर लिहिलं.

मी त्याला नंतर दोन-तीनदा विचारलं, “पाणी दिसलं होतं ना?” तो म्हणायचा, “दिसलंतं सर. पण पाण्याची गोष्ट पाठ न्हवती.”

गटात आणखी चौघांचा राहुल निघाला. त्यातल्या एकाचंही रक्तदान शिबिरच. पुढे जी चर्चा झाली तिला पोरं फिश मार्केट म्हणतात. सतरा तीनदा बोलायला गेला, तिन्हीदा आवाज खाली बसला. दुपारी नंबर वाचले, त्यात 17 नव्हता. संध्याकाळच्या बसमध्ये बसून त्यानं मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, “सर, पळायलाच लावलं न्हाई हो.”

मधला पावसाळा

तो परत आल्यावर मी त्याच्या घरी गेलो. एरवी मुलांना कॉलेजवर बोलावतो, पण या वेळी घरच बघायचं होतं. वडील अंगणात बसले होते. “भरतीत असलं कायतर नसतं सर,” ते म्हणाले. “पळालास, लेखी निघाली, घेतलं. ही गोष्टी सांगायची भरती कसली?”

प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर द्यायला मला वेळ लागला. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, आपल्याकडे 1943 पासून आहे. एकच माणूस तीन जण तीन बाजूंनी बघतात. मानसशास्त्रज्ञ त्याचं लिहिलेलं वाचतो, त्याचं तोंडही न बघता. ग्रुप टेस्टिंग ऑफिसर, म्हणजे जीटीओ, त्याला मैदानावर आठ-दहा जणांत काम करताना बघतो. मुलाखत घेणारा अधिकारी त्याच्याशी बोलतो. मनसा, वाचा, कर्मणा असं या तीन खिडक्यांना म्हणतात. तिन्हींत एकच माणूस दिसला पाहिजे. पाठ केलेला राहुल फार तर कागदावर उभा राहील. मैदानावर दोर हातात आला की तिथं राहुल नसतो, तिथं सतराच असतो.

वडिलांना मी हे फौजेच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला : “तुमच्या कंपनीत नवा लेफ्टनंट आला की आठवड्यात तुम्हाला कळायचं ना, हा कसला आहे ते?” ते हसले. “आठवडा? पैल्या रोल कॉललाच कळायचं.”

मग मी पीआयक्यू मागितला. हा वैयक्तिक माहितीचा तक्ता : शिक्षण, घर, वडिलांचं काम, खेळ, छंद, जबाबदाऱ्या. मुलाखतीचे बरेचसे प्रश्न यातूनच निघतात. सतरानं आपल्या प्रतीत लिहिलं होतं : छंद, वाचन आणि ट्रेकिंग. जबाबदाऱ्या, एनसीसी सीनियर. वडिलांचा व्यवसाय, निवृत्त सैनिक. म्हशींचा उल्लेख कुठेच नव्हता. उसाचाही नव्हता. दूध संस्थेत गेलं वर्षभर तो सेक्रेटरींच्या गैरहजेरीत सकाळचं संकलन बघायचा, फॅट-डिग्री लावायचा, सत्तर-ऐंशी सभासदांचं दूध उतरवून घ्यायचा, फॅट कमी लागली म्हणून भांडायला आलेल्या म्हाताऱ्यांना समजवायचा, तेही नव्हतं.

“हे का नाही लिहिलं?”

“शेण काढतो असं लिव्हायचं व्हय सर तिथं?”

मला या प्रकरणातली खरी गाठ इथं दिसली. मुलाला वाटत होतं की अधिकारी व्हायचं तर आधी आपलं घर लपवायला पाहिजे. हे त्याला कोणी शिकवलं म्हणावं? क्लासनं काही प्रमाणात, कॉलेजनं काही प्रमाणात. मीही त्यातून सुटत नाही. वर्षानुवर्षं मीच मुलांना ‘गावंढळ बोलू नका’ म्हणत आलो होतो.

आई आत चहा करत होत्या. कप देताना म्हणाल्या, “पुराचं सांगितलंस का तू त्यास्नी?” सतरा म्हणाला, “त्यात काय सांगायचं आई, सगळ्यांनीच केलंतं.”

म्हणून मला 2019 कळलं.

ऑगस्ट 2019

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. सतरा तेव्हा बारावीत, सतरा वर्षांचा. वडील आत्याकडे पुण्याला गेलेले आणि हायवे बंद. गावातले जाणते म्हणत होते, 2005 ला पाणी देवळाच्या पायरीपर्यंत आलं होतं, यंदाही तिथंच थांबेल. सतराचा विचार सरळ होता : घरात पाणी येईल का, हा प्रश्न माणसांचा. जनावरांचा प्रश्न वेगळा. ओढ्यावरचा रस्ता घराच्या दोन दिवस आधी पाण्याखाली जातो, आणि तो गेला की म्हशी बाहेर काढायला वाटच राहत नाही. त्यानं आईला सांगितलं आणि पाणी शेतात असतानाच तीन म्हशी माळावरच्या गावाकडे हाणल्या. लोक हसले. दुसऱ्या खेपेला तात्यांच्या दोन, भावकीतल्या चार. एकूण नऊ जनावरं एका शाळेच्या पटांगणात.

वैरणीचा विचार कोणीच केला नव्हता, त्यानंही नव्हता केला. तिसऱ्या दिवशी जनावरं हंबरायला लागली. तो त्या गावच्या दूध संस्थेत गेला आणि सेक्रेटरींना म्हणाला, म्हशी आटल्या नाहीत, सकाळ-संध्याकाळचं दूध तुमच्या संस्थेला घालतो, त्यावर पेंड उधार द्या. त्यांनी दिली. आठ दिवस नऊ जनावरं त्या उधारीवर जगली.

आणि एक गोष्ट राहिली. तात्यांची एक रेडी त्यानं तिसऱ्या खेपेसाठी गोठ्यात बांधून ठेवली होती. तिसरी खेप झालीच नाही, रस्ता गेला. दावं सोडून यायला पाहिजे होतं, ते सोडलं नव्हतं.

हे सांगताना त्याचा आवाज बदलला. तात्यांनी त्याला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, म्हणाला. लेफ्टनंट म्हणजे बापाच्या खालीच का, असं विचारणारे ते हेच तात्या.

मी त्या वेळी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, “अरे, हेच तर सांगायचं!” माझ्या या उत्साहानं दुसरा बोर्ड घालवला असं मला आज वाटतं.

दुसरा बोर्ड : पाच दिवस आणि एक मिनिट

मधल्या काळात सीडीएसची लेखी ओटीएसाठी निघाली, म्हणजे तो लेखीत पास झाला. इंग्रजीसाठी त्यानं रोज एक अग्रलेख मोठ्यानं वाचला, गोठ्यात. म्हशींना आता परराष्ट्र धोरण कळतं, असं त्याची बहीण म्हणायची.

या वेळी एक शहाणपण झालं. सैनिक कल्याण विभागाचं नाशिकला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएस निघालेल्या, किंवा एनसीसीच्या ग्रुप मुख्यालयानं एसएसबीसाठी शिफारस केलेल्या मुलांना तिथं एसएसबीचा छोटा कोर्स मोफत मिळतो, राहणं-जेवणासकट. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. सतराचे वडील आपल्या कामासाठी त्या कार्यालयात वर्षानुवर्षं जात होते. सूचना भिंतीवर लागलेली असायची. ती आपल्या घरासाठी आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. ते 25 हजार आठवले की मला अजून चुटपूट लागते.

बोर्ड पुन्हा बंगळूरला. या वेळी चाळणीतून आत. चित्र पाहून जे दिसलं ते लिहिलं, एवढंच तो म्हणतो. दुसरा दिवस मानसशास्त्राचा : बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं कोरं, साठ शब्दांवर एकेक वाक्य, प्रत्येकाला पंधरा सेकंद, साठ प्रसंगांत आपण काय करू ते तीस मिनिटांत, आणि आईवडील, शिक्षक, मित्र आपल्याबद्दल काय म्हणतात ते स्वतः लिहायचं. मग दोन दिवस मैदान. इथं तो खुलला. फळी, बल्ली, दोर घेऊन अडथळा पार करायचा, कुठल्या रंगाच्या भागाला हात-पाय लावायचा नाही ते नियम पाळायचे, गटाबरोबर बोजाही न्यायचा. उसाची ट्रॉली बांधणाऱ्या पोराला गाठ शिकवावी लागत नाही. दुसऱ्याच्या कल्पनेला हात लावून ती पुढे न्यायची हेही त्याला सहज जमलं. संस्थेत म्हाताऱ्यांशी बोलून बोलून आलेलं ते.

मुलाखत मात्र घसरली. पीआयक्यूत म्हशी आता आल्या होत्या, पण ट्रेकिंगही ठेवलेलं होतं, ‘एक तरी चांगला छंद पाहिजे’ म्हणून. अधिकाऱ्यानं पन्हाळ्याहून पावनखिंडीच्या वाटेबद्दल विचारलं : किती वेळा गेलास, मुक्काम कुठं केला, पाठीवर काय होतं, पाऊस लागला तेव्हा काय केलं. हा एकदाच गेला होता, कॉलेजच्या मोहिमेत, शंभर पोरांच्या रांगेत. ते दोन मिनिटांत उघडं पडलं. मग त्यानं घाईघाईनं पूर काढला. आणि पूर सांगताना स्वतःला गावाचा तारणहार केलं. वैरण विसरल्याचं गाळलं, रेडी गाळली, नऊ जनावरांची पंधरा झाली.

“पंधरा का म्हणालास?” मी विचारलं.

“नऊ कमी वाटली सर.”

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स. सगळा बोर्ड गणवेशात बसलेला, उमेदवार एकेक आत. त्याला मिनिटभर ठेवलं, अनुभव कसा होता विचारलं. निकालात तो नव्हता. बोर्ड कारण सांगत नाही, कधीच नाही, त्यामुळे मी वर जे लिहिलं ते माझं अनुमान आहे. मैदानावर दिसलेला मुलगा आणि मुलाखतीत बोललेला मुलगा वेगळा पडला असावा, इतकंच.

त्याच बॅचला आमच्याच एनसीसी बटालियनमधली एक मुलगी दुसऱ्या एंट्रीतून भोपाळला जाऊन पहिल्याच फेरीत निवडली गेली. तिच्या घरात फौजेतलं कोणी नाही, वडिलांचं शहरात इस्त्रीचं दुकान. ती म्हणाली, “मी दुकानातलंच सांगितलं सर. गिऱ्हाईकाचे कपडे जळाले तेव्हा काय केलं ते.” सतराला हे मी मुद्दाम सांगितलं नाही. त्याला तिच्याकडूनच कळलं आणि चार दिवस तो कोणाशी बोलला नाही.

तिसरा

2025 ला पुन्हा एनसीसी एंट्री. तयारी म्हणाल तर या वेळी मी काहीच केली नाही. तो आठवड्यातून दोनदा संध्याकाळी यायचा, आम्ही राजाराम तलावाला फेरी मारायचो, आणि मी फक्त विचारायचो : आज संस्थेत काय झालं? तो सांगायचा. सांगता सांगता त्याचं त्यालाच कळायला लागलं की आपण कुठं निर्णय घेतो, कुठं टाळतो. एकदा एका सभासदाच्या दुधात पाणी लागलं. तो सभासद त्याचा चुलता. सतरानं दूध परत केलं, पण सगळ्यांसमोर नाही. रांग संपेपर्यंत कॅन बाजूला ठेवला, नमुना सगळ्यात शेवटी लावला. हे करताना तो घाबरला होता, हेही त्यानं सांगितलं. फिरायला येताना इंग्रजीत बोलायचं असा नियम केला होता. तो तलावाच्या अर्ध्या फेरीपर्यंत टिकायचा.

मुलाखतीत त्याला विचारलं, आयुष्यात घेतलेला एखादा निर्णय सांग. त्यानं पूर सांगितला, नऊ जनावरं. अधिकाऱ्यानं विचारलं, पुन्हा तसाच प्रसंग आला तर काय वेगळं करशील? तो म्हणाला, आधी सगळी दावी सोडीन, मग खेपा मोजीन. आणि रेडीचं सांगितलं. सांगताना इंग्रजी संपलं, पुढचं हिंदीत झालं. अधिकारी ऐकत राहिले. मग त्यांनी एकदम विचारलं, म्हशीच्या दुधाला फॅट किती लागते? सहाच्या खाली लागली तर दर पडतो, याच्यापासून संस्थेचं बिल दहा दिवसांनी कसं निघतं इथपर्यंत तो बोलत गेला. बाहेर आल्यावर त्याला वाटलं, आपण वाया घालवलं, दुधावरच बोलत बसलो.

शेवटच्या दिवशी तिघांचे नंबर वाचले. त्यात तो होता.

इथं गोष्ट संपवायचा मोह होतो, पण प्रकरण संपत नाही. रेकमेंड झाल्यावर, म्हणजे बोर्डानं शिफारस केल्यावर, सैनिकी रुग्णालयात तपासणी. नाकाचा पडदा वाकडा निघाला, तात्पुरता अपात्र. अपील 42 दिवसांच्या आत. कोल्हापुरात शस्त्रक्रिया करून घेतली, खर्च वडिलांनी एक शब्द न बोलता केला. नंतर पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात फेरतपासणी, तंदुरुस्त. मग वाट बघणं. एनसीसी एंट्रीला जागा शंभराच्या आत असतात, रेकमेंड झालेले त्याहून जास्त. वडिलांना हे समजावणं फार जड गेलं. “पास झालाय, डॉक्टरनं फिट दिलंय, मग न्हेत का न्हाईत?” गुणवत्ता यादी लागली तेव्हा मोबाइलवर ती तिघांनी तीनदा वाचली, वरून खाली आणि खालून वर. नाव नव्हतं.

एका एंट्रीतलं रेकमेंडेशन दुसऱ्या एंट्रीला चालत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा पहिल्या दिवसाची चाळणी, पुन्हा पाच दिवस. तिसऱ्या वेळी जे जमलं ते खरं बोलल्यामुळे जमलं, असं मला म्हणावंसं वाटतं. पण तितकंच खरं हेही असू शकतं की गट शांत होता, वय दोन वर्षांनी वाढलं होतं, मैदान ओळखीचं झालं होतं. एका मुलावरून नियम काढायला मी धजत नाही. फक्त माझ्या पुढच्या बॅचला मी आता गोष्टी लिहायला लावत नाही, घरातलं काम लिहायला लावतो. निम्मी मुलं पहिल्यांदा कोरा कागद देतात.

ओटीएसाठी वयाची मर्यादा पंचविशीच्या आसपास असते, म्हणजे सतराच्या हातात अजून एखाद-दुसरी फेरी आहे. मधल्या काळात दूध संस्थेनं त्याला पगारी मदतनीस म्हणून घेतलं. सीडीएसची लेखी पुन्हा निघाली आणि गेल्या आठवड्यात बोलावणं आलं. या वेळी प्रयागराज. तो पत्र दाखवायला घेऊन आला तेव्हा म्हणाला, तारीख निवडायचीय, पण त्याच आठवड्यात एक म्हैस व्यायला झालीय. मी म्हणालो, घरी विचार.

घरी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, पुढची तारीख घे. आईंनी चुलीवरून मान वर केली नाही. “हीच घे,” म्हणाल्या. “म्हशीचं मी बघते. तिकीट तेवढं जपून ठेव आता.”